माझ्या वॉर्डातला दिल्या

नगरसेवकाचे किस्से गटारातल्या गाळासारखे. कितीही उपसा, आठवड्यात पुन्हा तेवढेच! त्यात आमचा नगरसेवक म्हणजे दिल्या. भोरच्या शाळेत माझ्या वहीतलं उतरवून पास झालेला. गेल्या निवडणुकीत मी त्याच्याविरुद्ध उभा राहिलो आणि पडलो. पुढच्या वेळी त्याला पाडायचंच, हे निकालाच्या दिवशीच ठरवलं.

सुरुवात पाण्यापासून केली. "तीन दिवस नळाला थेंब न्हाई!" असं गल्लीभर बोंबललो. आमच्या हिनं सरळ त्यालाच फोन लावला, "भावजी, जरा बघता का?" दिल्या आला, मोरीमागं वाकला, कॉक फिरवला. पाणी धो धो! गल्ली म्हणाली, "नगरसेवक असावा तर असा!"

कॉक कुणी बंद केला होता, ते मी अजून घरात सांगितलेलं नाही.

*

उत्रोलीच्या लग्नात मला मानाचा फेटा बांधला. गाव वेगळं, तिथं दिल्याचा काय संबंध? तरी ऐन अक्षतांच्या वेळी माईक गरजला, "नगरसेवकांचं आगमन झालेलं आहे!" फेटे संपले होते. नवरीचा मामा माझ्याकडं आला. "पाव्हणं, तुमी काय, घरचंच!" असं म्हणून माझ्या डोक्यावरचा फेटा अलगद उचलला आणि दिल्याच्या डोक्यावर ठेवला.

बसलाही मेल्याला झकास.

*

एकदा चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याला धरला. "दिल्या, नगरसेवकाचं काम काय असतं, तेवढं सांग!" तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. वेल्ह्याकडनं बाजाराला आणलेली म्हैस गटारात पडली होती. "चल, दाखवतो," म्हणाला. मी कमरेएवढ्या गटारात उतरून ढकलतोय, हा वर दावं धरून उभा! म्हैस निघाली. पेपरात फोटो आला. खाली ओळ, "म्हशीला जीवदान देताना नगरसेवक दिलीपभाऊ व त्यांचा कार्यकर्ता."

कार्यकर्ता! मी!

*

मग आमचे वडील, नाना गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. सगळे उन्हात ताटकळलेले. "नाना, आईला अंतर देणार न्हाई," म्हणालो. शिवेना. "भावाशी बांधाचं भांडण मिटवतो." शिवेना. "नाना, पुढच्या इलेक्शनला निवडून येऊन दाखवतो!" कावळे फांदीवरून उठले आणि पलीकडच्या झाडावर जाऊन बसले.

दिल्या हळूच कानाशी आला. "एकदा म्हणून तर बघ, उभा राहणार न्हाई."

"मरंन, पण म्हणणार न्हाई!"

आई हुंदका देत म्हणाली, "बाळा, त्यांचा जीव कशात तरी अडकलाय रं."

मी डोळे मिटले, हात जोडले आणि ओठातल्या ओठात पुटपुटलो.

एक नाही, सात कावळे उतरले!