कासूचा रस्टी नेल

"गिलास इसळायला चाललाय! अरं, आमच्या घरात काय गिलास नव्हतं?"

पेणच्या एसटी स्टँडवर बाबा असे ओरडले की धरमतरच्या खाडीतली एक बार्ज भोंगा समजून उलटी फिरली. मी पाहिली नाही, पण फिरली असणार. मी निघालो होतो स्कॉटलंडला, एका हॉटेलच्या बारमध्ये कामाला. आय बाजूला वालाच्या पिशवीला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. गाडी हलली तसे बाबा एकदम गप्प झाले. तो गप्पपणा मात्र विमानात माझ्या शेजारच्या सीटवर बसून थेट तिकडे आला.

गिलास मी इतके विसळले की एकावर एक रचून वर चढलो असतो, तर आमच्या कासूची भाताची खाचरं दिसली असती. पुढे बारटेंडर झालो. गोरे विचारायचे, घर कुठं? मी म्हणायचो, पेण. ते खिसा चाचपून लिहायचं पेन काढून द्यायचे. टोपलीभर जमली. मस्कतला, दुबईला, कुठंही गेलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या गावाचं नाव तिकडे नुसता आवाज असतो. आणि मागे राहिलेल्यांनो, आम्ही मजेत असतो. फोटो आहेत ना पाठवलेले.

मग एकदा आयचा फोन आला. बाबांच्या अंगात रक्त कमी झालंय, शेतावर जाववत नाही. मी रजा घेतली आणि विमानातच ठरवलं, आता परत जायचं नाही. पण हे आपण होऊन बोलायचं नाही. बाबांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा. राहा. त्यासाठी ज्या कामाला त्यांनी अख्ख्या स्टँडसमोर विसळणं म्हटलं, ते त्यांना घोटभर चाखवायचं. घोटभर चालेल असं डॉक्टर म्हणाला होता. निदान बाबा तसं सांगत.

तिकडच्या म्हाताऱ्यांचं आवडतं पेय म्हणजे रस्टी नेल. स्कॉच, आणि तिच्यात मधाचं, झाडपाल्याच्या वासाचं एक लिकर. स्कॉच मी विमानतळावरून आणली होती, तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन. लिकरचं काय? रोह्याला जाऊन कातकरणीकडून रानातला मध आणला. तो इतका अस्सल होता की मधमाश्या पार नागोठण्यापर्यंत माझ्या मागे आल्या. त्यात बडीशेप, लवंग, दालचिनी घालून थोड्या स्कॉचमध्ये मुरवला. बर्फ पेणच्या मासळी बाजारातला. गोणपाटातून काढून कितीही धुतला, तरी त्याला बोंबलांची आठवण होतीच. वर परड्यातल्या ईडलिंबाची साल. काचेचा गिलास घरात खरंच नव्हता, म्हणून स्टीलचं फुलपात्र घेतलं.

दुपारी बाबा ओटीवर बसले होते. स्टँडवरच्या त्या देहातलं अर्धं माणूस कुणीतरी उचलून नेल्यासारखे.

"नाव काय ह्याचा?" त्यांनी विचारलं.

"रस्टी नेल. म्हंजे गंजका खिळा."

एवढं आयच्या कानावर पडलं. आमच्याकडे पोर पांढरं पडलं की लोखंड चुलीत लाल करून ताकात विझवतात आणि ते ताक पाजतात, अंगात रक्त भरावं म्हणून. मी तिसऱ्यांदा ढवळतोय तोवर आय सांडशीत लालबुंद खिळा धरून बाहेर आली आणि फुलपात्रात सोडला. चर्रर्र! निळी ज्योत उठली ती कौलांना विचारून खाली आली.

"आये, काय केलंस!"

"मी काय केला? त्यांच्या रगताचं औषध इतक्या लांबून आणलंस आन् खिळाच इसरलास व्हय रं?" तिचे डोळे भरले होते. "आता बरं वाटंल. घ्या तुमी."

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फुलपात्र एका दमात रिकामं केलं.

"कसा हाय?" मी विचारलं.

"गोड हाय." त्यांनी खिळा तळहातावर घेऊन निरखला. "ह्यो आपल्या गोठ्याच्या दाराचा हाय गो."

"गोठा कुठं ऱ्हायलाय आता," आय म्हणाली आणि फुलपात्र घेऊन आत गेली.

गोठा गेल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. माझ्या डोक्यातलं घर मी गेलो त्या दिवशीचं होतं. गोठ्यात बैल, चुलीवर वाल, आणि ओटीवर गावाला ऐकू जाईल असं ओरडणारे बाबा. ते घर मी तिकडे रोज झाडून-पुसून ठेवत होतो. इथलं माझ्यासाठी थांबलं नव्हतं. त्याने का थांबावं?

बाबा आता बोलतील, मग बोलतील, अशी वाट बघत बसलो. अंगणातलं ऊन कुंपणापलीकडे गेलं. त्यांनी त्या बार्जवाल्या आवाजात मला नुसती एक शिवी घातली असती, तरी मी 'राहा' असंच ऐकलं असतं. शेवटी मीच बोललो.

"बाबा, मी आता जात नाय. हितंच राहतो."

बाबांनी खाचरांकडे पाहिलं. मग म्हणाले,

"तुझ्या खोलीत भाताच्या गोणी भरल्यात."