साडूची वाडी आणि पश्चिमेची हद्द

समुद्र पाहायला श्रीवर्धनला जाऊन समुद्र न पाहता परतलेली महाड तालुक्यातील एकमेव स्त्री माझ्या घरात आहे, आणि तिला तिथवर नेण्याचा मान माझा आहे.

मी महाडच्या कचेरीबाहेर अर्ज लिहितो. (शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे शिकवण्याची शाळेचीच तयारी नव्हती!) सौ. पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतली. "एकदा समुद्रात पाय बुडवून येऊ," एवढीच तिची लग्नापासूनची मागणी. परंतु पैसे मोजून परक्या गादीवर झोपणे माझ्या तत्त्वात बसत नाही. झोप ही निसर्गाने विनामूल्य दिलेली बाब आहे! सुदैवाने आमच्या साडूने मुंबईची नोकरी सोडून श्रीवर्धनला, किनाऱ्यालगतच्या वाडीत, पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोय सुरू केली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो. न कळवता! (कळवले की नातेवाईक गावाला जातात.)

"ताई! देवासारखी आलीस गो!" मेव्हणी धावत आली. मी भारावलो. "सैपाकाची बाई आलीच नाय, आन् सगळ्या खोल्या भरल्यात. जरा भाकऱ्या थापतेस?"

सौ. चुलीपाशी गेली. साडूने मला ओटीवर बसवून समोर कोलंबीचे ताट ठेवले.

"साडूभाऊ, टेन्शनच खतम! शेजाऱ्यानं कुंपण आपल्या जागेत सरकवलंय. एक कडक अर्ज ठोका!"

हद्द पाहण्यासाठी आम्ही वाडीच्या टोकाला गेलो. समोर घोडागाड्या, उंट, भेळेच्या गाड्या आणि पोरांचा गलका. 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस समुद्र,' अशी मी नोंद घेतली आणि ओटीवर परतून लिहायला बसलो.

"अवो, ऊन उतरलं," सौ. दारातून म्हणाली. "जाऊया ना?"

"अर्ज अर्धवट टाकता येत नाही. समुद्र काय पळून जातो?"

तयार झालेला अर्ज मी खड्या आवाजात वाचला. तो कुंपणापलीकडे ऐकू गेला आणि थोड्या वेळाने खुद्द शेजारीच मला वाडीच्या मागे गाठून म्हणाला, "लय भारी लिवता! माझा पण लिवा की, तुमच्या साडूच्या विरुद्ध!"

विद्येला आपपरभाव नसतो. मी लिहिला, आणि (खरे सांगायचे तर) तो अधिक जोरदार उतरला! इतका की त्या गृहस्थाला राहवेना. त्याने तो कुंपणावरून साडूलाच वाचून दाखवला.

"माझी कोलंबी खाऊन माझ्यावरच अर्ज?" साडू गरजला. "उचला बॅग!"

सौ. पिठाच्या हातानेच बाहेर पडली. रस्त्यावर येऊन हळूच म्हणाली, "आता निदान पाय तरी बुडवून येऊ. हितंच तर हाय."

"ज्या गावात माझा अपमान झाला, तिथल्या समुद्राचे मी तोंड पाहणार नाही!" मी म्हणालो, आणि तिला थेट एसटी स्टँडवर नेले.

महाडला शेजारणीने विचारले, "वहिनी, समुद्र कसा हाय गो?"

"ह्यांना विचार," सौ. म्हणाली. "ह्यांनी माझ्या वतीनं बघितला."

त्यानंतर तिने समुद्राचे नाव काढलेले नाही. अवघ्या तालुक्याच्या मागण्या मी सरकारदरबारी मांडल्या. घरची एकच होती, ती तोंडी असल्यामुळे मी दाखलच करून घेतली नाही!