रूलकाकांची साठ चेंडूंची मर्यादा

'आजच्यापुरतं चालवून घ्या ना काका' हे वाक्य कानावर पडलं की रूलकाकांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा व्हायचा. ते भांडत नसत, आवाजही चढवत नसत. चष्मा वर ढकलून म्हणत, "आजच्यापुरता नियम नाही राहत भाऊ. नियम राहते, नाहीतर नाही राहत." समोर एखाद्या पोराचा बाप असो की संघटनेचा सचिव, उत्तर तेच.

ते रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. मूळचे वर्ध्याकडचे, बाबांच्या गावचे, म्हणून आमच्या घरात काका. मैदानावरच्या पोरांचे ते 'रूल अंकल'. दोन्ही मिळून आमच्यापुरते रूलकाका झाले. तरुणपणी नागपूरला ते बेसबॉल खेळले होते. रायपूरला बदलून आल्यावर समता कॉलोनीमागच्या मैदानावर त्यांनी चौदा वर्षांखालच्या मुलांची लीग उभी केली. तिचे नियम स्वतः लिहिले आणि आमच्याकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले. आईबाप दोरीच्या आत येणार नाहीत. मुली मुलांबरोबरच खेळतील. आणि एका वस्तीची एक टीम होणार नाही, चिठ्ठ्या टाकून सगळी पोरं मिसळली जातील.

या शेवटच्या नियमावर समता कॉलोनीतल्या आया पुष्कळ कुरकुरल्या. बीरगाव या कामगारवस्तीतल्या पोरांच्या कपड्यांना शेजारच्या उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ असायची, त्यांच्या तोंडी शिव्या असायच्या. "आमच्या पोट्ट्याइले कशाले त्याइच्यात टाकता?" असं एकीने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "बॉलले पत्ता समजत नाही ताई." चिठ्ठ्यांमुळेच मी कॅचर झाले आणि बीरगावचा दुर्गेश माझा पिचर. तो चेंडू फेकायचा आणि मी बॅटवाल्याच्या मागे उकिडवी बसून झेलायची. दुर्गेशचा बाप रोलिंग मिलमध्ये होता. पोरगा बोलायचा थोडं. काहीही सांगा, "हव" म्हणायचा, पण त्याचा चेंडू ग्लोव्हमध्ये आला की माझा तळहात संध्याकाळपर्यंत झिणझिणायचा.

प्रत्येक पोराला निदान दोन इनिंग खेळायला मिळालीच पाहिजेत, असाही एक नियम होता. एकदा समोरच्या टीमच्या कोचने एका जाडजूड, घाबरट मुलाला झाडाखाली बसवून ठेवलं होतं. काकांनी सामना थांबवला. "काहून बसवला त्याले?" कोच म्हणाला, "सर, पेट दुख रहा है उसका." काका झाडापाशी गेले, मुलासमोर वाकले आणि विचारलं, "दुखून राहिलं का रे?" मुलगा कोचकडे बघत राहिला आणि मग हळूच मान हलवली. नाही. तो खेळला, तीनदा हुकला, त्याची टीम हरली. कोचने पुढचे कित्येक महिने काकांना नमस्कार केला नाही. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. निदान तसं दिसलं नाही.

पण त्यांचा जीव होता तो साठ चेंडूंच्या नियमात. एका सामन्यात एका पिचरने साठच्या वर चेंडू टाकायचे नाहीत, मग तो कितीही चांगला टाकत असो. काका अंपायर म्हणून उभे राहत तेव्हा त्यांच्या डाव्या खिशात चिंचोके असत. प्रत्येक चेंडूला एक चिंचोका उजव्या खिशात जाई. डावा खिसा रिकामा झाला की पिचर बाहेर. मी एकदा विचारलं, "काका, साठच का?" त्यांनी शर्टाची बाही वर करून उजवा हात पुढे केला. कोपर सरळ होत नव्हतं. "आमच्या कोचले मी लय आवडत होतो," ते म्हणाले. "म्हणून हात गेला."

त्याच सुमारास रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. जिल्ह्याच्या संघटना बघता बघता राज्याच्या झाल्या, जिल्ह्याचे सचिव राज्याचे सचिव झाले. पूर्वी निवडीसाठी पोरांना भोपाळपर्यंत जावं लागायचं. आता निवड करणारे आमच्याच मैदानावर मांडव घालून बसणार होते. निवडलेल्या मुलांना क्रीडा वसतिगृह, तिथेच शाळा, तिथेच जेवण. बीरगावात या बातमीचा काय अर्थ होता, ते आम्हाला समता कॉलोनीत कळणं कठीण होतं.

अंतिम सामन्याला दुर्गेशचा बाप रात्रपाळी करून तसाच आला होता. दोरीला धरून उभा होता, डोळे लाल. दुर्गेश त्या दिवशी असा टाकत होता की मांडवातली माणसं चहा खाली ठेवून उभी राहिली. आम्ही एका रनने पुढे होतो, शेवटची इनिंग बाकी होती. आणि काकांनी हात वर केला.

"पिचर बदला."

सचिव मांडवातून धावत आले. "काका, आज के दिन रहने दीजिए. सिलेक्शन है, इसी को तो देखने आए हैं."

"पाहिलं ना त्यांनी," काका म्हणाले. "जितका दिसायचा तितका दिसला."

दुर्गेश जवळ आला. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "अंकल, मोर हाथ नइ पिरात हे. फेंकन दो न." हात दुखत नाही, टाकू द्या.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज नहीं दुखेगा बेटा. बाद में दुखेगा."

दुर्गेशने चेंडू त्यांच्या हातात दिला नाही, जमिनीवर टाकला. दुसरा पिचर आला, आम्ही हरलो. निवड समितीला एकच पिचर हवा होता, तिने जिंकलेल्या टीमचा घेतला. निरोप घेताना सचिव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्या करें, हमारे यहाँ रूल बड़ा है, बच्चा छोटा."

मैदान रिकामं झाल्यावर दुर्गेशचा बाप काकांपाशी आला. तो चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. त्याने विचारलं, "आपका लड़का होता तो?"

"मेरा होता तो भी यही करता."

"करते होंगे साहब. आपके लड़के के पास पढ़ाई है, नौकरी है, सब है. मेरे के पास एक हाथ था."

काका चष्मा वर ढकलायलाही विसरले.

महिन्याभरात संघटनेने काकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, 'मार्गदर्शक' अशी पदवी. टाळ्या संपेपर्यंत लीग त्यांच्या हातातून गेलेली होती. नवे नियम गुळगुळीत कागदावर छापून आले. साठ चेंडूंची अट गेली. दोन इनिंगची गेली. मुलींसाठी 'स्वतंत्र स्पर्धा घेण्यात येईल' असं लिहिलं होतं; ती कधीच झाली नाही. मी दोरीच्या बाहेर आले.

त्या मोसमात दुर्गेश रोज टाकत होता. सकाळी एक सामना, दुपारी दुसरा. लोक त्याच्या नावाने ओरडत. काका रस्त्यावर सायकल धरून, कुंपणाबाहेरून बघत. साठ झाले की सायकलवर बसून निघून जात. एका दुपारी मात्र ते गेले नाहीत. दुर्गेश चेंडू टाकल्यावर कोपर पोटाशी धरत होता. काका सायकल तशीच टाकून आत शिरले, थेट त्याच्यापाशी. "बस कर बेटा. मी हात जोडतो तुले."

सचिवांनी चौकीदाराला बोलावलं. पण त्याची गरज पडली नाही. दुर्गेशच म्हणाला, "एक बार तो रोक चुके न अंकल. अब जाव."

काका गेले. पुढच्या निवडीच्या दिवशी दुर्गेशचा चेंडू कॅचरपर्यंत पोचला नाही. जमिनीवर आपटत गेला. मांडवातल्यांनी दोन चेंडू पाहिले आणि पुढचं नाव पुकारलं.

निवृत्तीनंतर काका मुलीकडे अमरावतीला राहायला निघाले, तेव्हा बाबा आणि मी भेटायला गेलो. सामान बांधून झालं होतं. ते बाबांशी बोलत होते, मध्येच माझ्याकडे वळले. "नियम बरोबर होता ना गं, पोट्टी?"

"बरोबर होता काका."

"मंग त्याच्या बापाले मी काय सांगाले पायजे होतं?"

बाबांनी गाडीच्या वेळेचा विषय काढला. अमरावतीला त्यांना फार वर्षं मिळाली नाहीत. तिथे ते कधी मैदानावर गेले नाहीत, असं त्यांच्या मुलीने नंतर कळवलं.

अलीकडे घराच्या ग्रीलसाठी सळ्या बघायला आम्ही उरल्याला गेलो होतो. काट्यावर वजन घेणारा माणूस माझ्याकडे बघून हसला. दुर्गेश. केस पांढरे व्हायला लागलेले. मी त्याला काका गेल्याचं सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने काट्यावरचा हात काढून घेतला.

"बने मनखे रिहिस," तो म्हणाला. चांगला माणूस होता. मग म्हणाला, "फेर मोर काम नइ आइस."

पण माझ्या कामी नाही आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो सळ्यांकडे वळला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दीदी, तुम्हर लइका कुछु खेलथे?"

माझा मुलगा काही खेळत नाही, असं मी सांगितलं.

"बने हे," चांगलं आहे, दुर्गेश म्हणाला, आणि वजन सांगितलं.