पाहुण्यांनी दाबलेलं बटण

परतीची वाट मोकळी ठेवणं हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण आहे, असं मी आयुष्यभर मानत आलो. आमच्या पशुआरोग्य संस्थेत ते भित्र्या माणसाचं लक्षण मानतात.

जनावरांच्या लसीकरणाच्या नोंदी आम्ही तीन सर्व्हरवर ठेवतो: एक शहरातल्या कचेरीत, एक फुलंब्रीला, एक सोयगावला. एक बंद पडला तरी उरलेले दोन काम ओढतात. डेटाबेसची नवी आवृत्ती आली तेव्हा मी एकेक सर्व्हर बदलत गेलो, पण फायली जुन्याच पद्धतीने लिहिल्या जातील अशी सोय ठेवली. आठ दिवस बघायचं. खोट निघाली तर जुनी आवृत्ती परत बसवायची, नाही निघाली तर शेवटचं बटण दाबायचं. ते दाबलं की फायली नव्या पद्धतीने लिहिल्या जातात आणि जुन्या आवृत्तीला त्या वाचता येत नाहीत. हे सगळं मी कागदावर लिहून संचालकांना दिलं. त्यांनी त्यातला ‘बटण’ एवढाच शब्द वाचला.

कारण आठ दिवस संपायच्या आतच नव्या आवृत्तीचं लोकार्पण ठरलं होतं, आणि पाहुण्यांना दाबायला काहीतरी हवं होतं.

“दुसरं एखादं बटण देतो,” मी म्हणालो. “पडद्यावर फुलं पडतील.”

“म्हणजे खोटं?” संचालक दुखावले. “अहो, पाहुण्यांना फसवायचं?”

पाहुण्यांनी खरं बटण दाबलं. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा दाबलं. मग शाल, श्रीफळ, आणि आता मागे वळणे नाही असं भाषण. त्या दिवशी बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य अचूक होतं.

समारंभानंतर चौथ्या दिवशी सोयगावकडचा एक मेंढपाळ कचेरीत आला. कळप शहराच्या वेशीवर हर्सूलजवळ थांबवलेला, दुसऱ्या दिवशी बाजार. लसीच्या दाखल्याशिवाय जनावर आत घेणार नाहीत, असा फलक बाजाराच्या फाटकावर आमच्याच संस्थेने लावलेला. लस दोनच दिवसांपूर्वी टोचलेली. मी मेंढ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर टाकले. एकही मेंढी दिसेना. नव्या आवृत्तीत नंबराने शोधण्यातच खोट होती.

जुनी आवृत्ती बसवावी, तर तिला फायली वाचता येत नव्हत्या. समारंभाआधीची प्रत चढवावी, तर मधल्या दिवसांतली प्रत्येक सुई पुसली जाणार. पुढे राहिलो तर त्याच्या मेंढ्या सापडत नव्हत्या, मागे गेलो तर त्यांना लसच टोचलेली नव्हती.

“सुई तुमच्याच माणसानं टोचली नं?” तो म्हणाला. “मंग त्येलाच इचारा की.”

“तसं चालत नाही. कॉम्प्युटरमध्ये दिसावं लागतं.”

“कम्प्युटर व्हता का तिथं?”

नव्हता.

संचालक भिंतीवर समारंभाचा फोटो लावून घेत होते. “पुन्हा टोचा, पुन्हा नोंद होईल,” ते म्हणाले.

“नोंद आहेच. सापडत नाही. दुसरीही सापडणार नाही.”

“तुमचा सूर नेहमी असाच नकारात्मक असतो.”

मी माझ्या टिपणाची प्रत त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

बाहेर येऊन मी लस टोचणाऱ्याला फोन लावला. त्याच्या खिशातल्या वहीत टोचलेल्या मेंढ्यांचे सगळे नंबर तारखेसह होते. ते उतरवून घेतले, दाखला हाताने लिहिला, संस्थेचा शिक्का मारला. नियमाप्रमाणे यातली एकही गोष्ट करायचा मला अधिकार नव्हता. नोकरी गेली तरी बेहत्तर, इतका मी चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढपाळाचा फोन आला. मेंढ्या विकल्या गेल्या होत्या. फाटकावर दाखला कुणी मागितला नव्हता.