लोह्याचा कॉम्प्युटर, लातूरचा हात

लालमहंमदनी केलेल्या लग्नपत्रिकेत चूक सापडत नाही, असं लोह्यात सगळेच म्हणत. स्वतः लालमहंमद तर दिवसातून दोनदा म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत 'लाल ग्राफिक्स' उघडून बावीस वर्षं झाली होती. निकाह असो, बौद्धांचा मंगल परिणय असो की पाटलांच्या घरचं लग्न, कोणाच्या काकाचं नाव वर, कोणाचं खाली, कुठं 'श्री', कुठं 'जनाब', हे त्यांनाच विचारायचं. अहो, पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून न जेवता मांडवातून उठलेले लोक आहेत आपल्याकडं! म्हणून दुकानाचा कायदा कडक होता. कॉम्प्युटरला लालमहंमदशिवाय कोणी हात लावायचा नाही.

कोणी म्हणजे कोण, तर त्यांची बायको हाजराबी. घरात दुसरं होतंच कोण? हाजराबी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. पण तिचं काम कीबोर्डवरची धूळ झटकायची आणि गिऱ्हाइकाला चहा द्यायचा एवढंच, अशी लालमहंमद यांची समजूत होती.

मग गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते लातूरला मुलाकडं, मुनीबकडं येऊन पडले. दीड महिना जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं. मुनीब डाळमिलच्या ऑफिसात कामाला. त्यानं संधी साधली.

"अब्बा, आता बास करा. दुकान बंद करा, अम्मीलाबी इकडंच आणू."

हे ऐकलं की लालमहंमद तोंड भिंतीकडं फिरवत. लोह्यात ते 'लालशेठ' होते. लातुरात ते दुसऱ्या मजल्यावरच्या मुनीबचे अब्बा. दिवसभर कोणी हाक मारत नव्हतं, आणि मारली तरी औषधाची वेळ झाली म्हणून.

"बंद कसं करू? ज्ञानोबा गुरुजींच्या नातीचं लग्न हाय. लुंबिनीची पत्रिका माझ्याच हातची पायजे म्हणून अडून बसलेत. माझ्याबिगर पान हलत न्हाई तिथं."

मुनीब हसला. मग म्हणाला, "ठीक हाय. लोह्याचा कॉम्प्युटर इथून चालवता येतो, मी जोडून देतो. लुंबिनीची पत्रिका इथून बिनचूक निघाली, तर दुकान बंद करायचं नाव काढणार न्हाई. चुकली, तर मात्र माझं ऐकायचं."

लालमहंमदनी लगेच हात पुढं केला. चुकायचा प्रश्नच कुठं होता?

रविवारी सकाळी जोडणी सुरू झाली. लोह्याच्या बाजूनं कोणीतरी बसायला हवं होतं. लालमहंमदनी फोन हातात घेतला आणि सावकाश, समजावणीच्या सुरात बोलायला लागले. "हाजरा, घाबरू नको. टेबलाखाली एक डबा हाय, त्याला गोल बटण…"

"चालू केला."

"केला? बरं. आता पडद्यावर…"

"मुनीबनं पाठवलेलं ॲप उतरवून घेतलं. जोडणीचा नऊ आकडी नंबर आलाय, सांगू का?"

लालमहंमदनी एकदा फोनकडं पाहिलं. "मुनीबनं लई सोपं केलं असंल," ते म्हणाले आणि नंबर लिहून घेतला. पाच मिनिटांत लॅपटॉपवर लोह्याचा पडदा उघडला. तीच जुनी मक्केची तसबीर, त्याच फायली. माणसाला भरून आलं हो! मग त्यांनी मुनीबला खोलीबाहेर काढून स्वतःच्या हातानं बारा अक्षरी पासवर्ड घातला. आपल्याशिवाय कोणी आत शिरू नये म्हणून. लातूरकडून कुलूप पक्कं लागलं. लोह्याकडून खुर्ची ओढून कोणीही बसू शकतं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"हाजरा, आता ह्याला बंद करू नको. आन् हात तर लावूच नको."

"बरं," हाजराबी म्हणाली. बावीस वर्षं ती बरंच म्हणत आली होती.

सोमवारी मुनीब कामाला गेला आणि लालमहंमद पाय स्टुलावर टाकून बसले. त्यांची कामाची रीत अशी की नवी पत्रिका कधी मुळापासून करायची नाही. त्याच घरातली जुनी काढायची आणि नावं बदलायची. गुरुजींच्या थोरल्या भावाच्या नातवाची दोन वर्षांमागची पत्रिका होतीच. तिच्यात त्यांनी आजोबाच्या जागी ज्ञानोबा गुरुजी घातले, वधू म्हणून लुंबिनी घातली, मामा-मावश्या सगळ्या बदलल्या. एकदा डोळ्याखालून घातली, गुरुजींना फोन करून दुकानात जाऊन बघून घ्या म्हणाले, आणि जेवायला उठले.

जेवून आले तर पडद्यावर बाण आपोआप चालत होता!

त्यांचा हात तर माउसवर नव्हता. बाण सरळ पत्रिकेच्या मधोमध गेला, आणि एक शब्द पुसला गेला. रोज पेपरात वाचतो ते हेच, चोर शिरला! कोणता शब्द गेला ते बघायलाही ते थांबले नाहीत. घाईघाईनं पुसलेलं परत आणलं. चोरानं पुन्हा पुसलं. ह्यांनी पुन्हा आणलं. "हरामखोरा, लुंबिनीची पत्रिका हाय ती!" ते लॅपटॉपवर ओरडले. एका हातानं हाजराबीला फोन लावला, तर ती उचलेना. तिसऱ्यांदा शब्द गेला, तिसऱ्यांदा त्यांनी तो आणला.

मग बाण थांबला. पत्रिकेच्या तळाला, जिथं स्थळ लिहितात तिथं, एकेक अक्षर उमटायला लागलं.

'गुरुजी जित्ते हायत. समोर बसून चहा पिऊन राहिले. तुम्ही त्यांना तीनदा मारलं. हात काढा.'

लालमहंमदनी चष्मा लावून वर बघितलं. वधूच्या आजोबांच्या नावाआधी ठळक अक्षरात होतं, 'कालकथित'. म्हणजे बौद्धांच्या पत्रिकेतलं 'कैलासवासी'. थोरला भाऊ वारलेला, त्याच्या नावाआधीचा शब्द तसाच राहिलेला. आणि गुरुजी लोह्यात बशीतून चहा पीत स्वतःचं मरण बघत बसलेले. या अल्ला! त्यांनी माउसवरचा हात असा उचलला की जणू चटकाच बसला. बाण शांतपणे परत गेला, शब्द पुसला, आणि फाइल नव्या नावानं ठेवली. 'लुंबिनी-नीट.'

ते 'नीट' बघून त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी 'नीट' शब्द टाकून सगळा कॉम्प्युटर शोधला, तर त्यांनी कधीच न उघडलेला एक कप्पा निघाला. २०११ पासून प्रत्येक पत्रिकेला जोडीदार होता. 'फरहान' आणि 'फरहान-नीट'. 'रूपाली' आणि 'रूपाली-नीट'. छपाईला गेल्या त्या सगळ्या नीटवाल्या. 'रूपाली'त तर त्यांनी नवरदेवाची बहीण नवरी केली होती.

फोन वाजला. हाजराबीच होती.

"इतकी वर्षं बोलली का न्हाईस?" त्यांनी विचारलं. राग येत होता, पण कोणावर करायचा?

"तुम्ही म्हणलात, माझ्या फायलीला हात लावू नको. म्या लावला न्हाई. दुसरी करत होते, दुपारी तुम्ही झोपल्यावर. छापायला तीच धाडत होते."

"गुरुजी काय म्हणले?"

"लालशेठची पत्रिका हाय, चूक निघायची न्हाई, म्हणले. गेले खूश होऊन."

संध्याकाळी मुनीब आला. "निघाली का अब्बा, बिनचूक?"

"निघाली," लालमहंमद म्हणाले. हे खरंच होतं. शब्द दिल्याप्रमाणं मुनीबनं दुकान बंद करायचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पासवर्ड टाकला. पडद्यावर नवी पत्रिका जुळवणं चालू होतं, बाण भराभर फिरत होता. ते बराच वेळ हात मांडीवर ठेवून बघत राहिले. मग एका कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'माझ्याजोगं काही काम हाय का?'

बाण थांबला. मग खाली उत्तर उमटलं.

'किलबिलची नावं टाका. लेकरांची खालीवर झाली तर कोणी भांडत न्हाई.'