शनिवारी रिकामं केलेलं घर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही. दर शनिवारी मोबाइलच्या पडद्यावरून माझं ऐकून घेणाऱ्या समुपदेशक बाईंना तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

वर्तकनगरच्या वसाहतीत आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं माझ्या धाकट्या भावानं केलं — निखिलनं. मी शाळेतली नोकरी आणि पुस्तकं यांच्या आड राहिले. बाबा गेले आणि निखिल गप्प झाला. जेवेना, झोपेना. मग त्यानंच एक समुपदेशक शोधले, मोबाइलवरून बोलणारे. पण आमच्या घरात एकांत आणायचा कुठून? म्हणून शनिवारी संध्याकाळी आई आणि मी तासभर बाहेर जायचो. शेजारी काही कळू नये म्हणून आईनं सांगून टाकलं होतं, त्याचा इंटरव्ह्यू असतो.

"दर शनिवारी इंटरव्ह्यू?" शेजारच्या काकू त्याला जिन्यात अडवायच्या. "अरे, कंपनी नोकरी देतेय की मुलगी?"

"दोन्हीचं बोलणं चाललंय, काकू."

तो पुन्हा हसायला लागला होता — हे लिहायलाच हवं.

एका शनिवारी मी अर्ध्या वाटेतून परत आले. वाचनालयाचं पुस्तक बाहेरच्या खोलीत राहिलं होतं. निखिल स्वयंपाकघरात, दार लोटून, कानात इअरफोन. मी किल्लीनं दार उघडलेलं त्याला ऐकू आलं नाही. "नाही सर, घरात कोणी नाहीये," तो म्हणत होता. पुस्तक उचलून मला निघता आलं असतं. मी उभी राहिले.

"बाबा गेले तेव्हा मला रडू नाही आलं," तो म्हणाला. "सुटल्यासारखं वाटलं. कसला मुलगा मी?"

मग बराच वेळ नुसतं रडणं. मी आवाज न करता बाहेरून दार ओढून घेतलं आणि बाजारात जाऊन आईच्या पिशवीचा एक बंद धरला.

तिथंच हे संपलं असतं तर? — नाही संपलं. बाबांच्या वर्षश्राद्धाला डोंबिवलीहून काका आले होते, शेजारच्या काकूही होत्या, गुरुजी पाट मांडून बसलेले. निखिल खिडकीपाशी उभा होता, पांढराफटक.

"ताई, मला नाही जमणार गं," तो हळूच म्हणाला. "काकांना बसू दे ना."

सगळे बघत होते. मला लाज वाटली — त्याची. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "तू कशाला बसशील? तुला तर सुटल्यासारखं वाटलं होतं ना?"

त्याच शब्दांत. म्हणजे त्याला कळायला काही उरलंच नाही. त्यानं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटावर बसला आणि गुरुजी सांगतील ते सगळं करत गेला.

पुढच्या शनिवारी आईनं पिशवी घेतली तर म्हणाला, "राहू दे आई. आता बरंय मला." त्यानंतर शनिवारी तोच बाहेर जायचा. घरात बोलणं कामापुरतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला आणि रुग्णालयातून तो परत आला नाही. त्या आजाराचा माझ्याशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. त्यानं काय हलकं होतं?

आणि खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. बाबा गेले त्या सकाळी मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. मी तर त्यांचं काही केलंही नव्हतं. दाराआड उभी असताना मला हे आठवत होतं. पाटापाशी बोलतानाही.

आता शनिवारी आई माझ्यासाठी बाहेर जाते. "आता हिचा इंटरव्ह्यू का?" काकू विचारतात, आई पिशवी घेऊन जिना उतरते. मी स्वयंपाकघरात दार लोटून बसते. बाई आधी विचारतात, घरात कोणी आहे का? मी म्हणते, नाही. मग त्या निखिलबद्दल विचारतात, आणि मी सांगते — तो मला सगळं सांगायचा.