शनीशेजारची पितळी पट्टी

स्वतःच्या घराचं छप्पर गळत असताना कॉलेजच्या छपराला मुद्दाम भोक पाडून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले फिजिक्सचे सर. फिजिक्सची नवी इमारत बांधताना दालनाच्या छपरात त्यांनी ते भोक ठेवून घेतलं. त्यातून पडणारा कवडसा भर दुपारी जमिनीवरच्या पितळी पट्टीवर यावा, ही त्यांची योजना. पट्टीभोवती भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीच्या चहावाल्यांकडून गोळा केलेल्या फुटक्या कपबशांची ग्रहमाला त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून जडवली. शनीच्या कड्यापायी माझ्या बायकोच्या माहेरची बरणी गेली. आमच्याकडे काही खळ्‌कन फुटलं की सर दारात हजर. सरांचे नागपूरचे पाहुणे स्टेशनवरून आधी इमारत बघत, मग त्यांना चहा मिळे. ग्रहांवर बसणारी पोलादाच्या प्लांटची लाल धूळ सर आपल्या रुमालानं पुसत. एकदा चक्क प्राचार्यांना म्हणाले, "जरा सरका जी, शनीवर उभे हाय तुमी." प्राचार्य टुणकन बाजूला झाले आणि त्या शनिवारी देवळात तेल वाहताना दिसले.

पुढे कॉलेजच्या पोरांनी अंगणात काठी रोवली. काठीची सावली सगळ्यांत आखूड झाली, म्हणजे भिलाईत मध्यान्ह झाली. पण कवडसा अजून पट्टीपासून वीतभर लांब. सरांनी मध्यान्हीची वेळ घरच्या पंचांगात पाहिली होती, आणि पंचांग दर पाडव्याला नागपूरहून त्यांची आई पाठवायची. सूर्य तिकडे पश्चिमेला जरा उशिरा डोक्यावर येतो, हे पोरांना शिकवणारे सर स्वतःच विसरले होते.

"पट्टी खिसकानी पड़ेगी," प्राचार्य म्हणाले. एरवी तासभर वाद घालणारे सर रुमाल काढून शनी पुसू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पट्टीशेजारी मांडी घालून बसलेले दिसले. मला फार वाईट वाटलं.

"वीतभर तर सरकवायची, सर."

"सरकवून देतो न. पण कवडसा इथं आला का तिकडे नागपूरले मध्यान्ह होते, आई नैवेद्य दाखवते, मंग आपलं पान वाढून घेते. एकटीच असते. आता समजलं मले, मी रोज इथं काहून येऊन राहिलो होतो."

मी तडक प्राचार्यांकडे गेलो. पट्टी सरकवायची तर शनी फोडावा लागेल, एवढंच सांगितलं.

"रहने दो," ते घाईघाईनं म्हणाले.

सर निवृत्त होऊन नागपूरला आईजवळ गेले. मी केमिस्ट्रीचा माणूस, पण दुपारचा डबा घेऊन अजून तिथेच जातो. भिलाईची मध्यान्ह होऊन जाते, भूक लागलेली असते, तरी थांबतो. कवडसा पट्टीवर येतो. तिकडे दोन पानं वाढली गेली असतील, असं मनाशी म्हणतो आणि मग डबा उघडतो.